फेटा बांधताना आलेला फोन

ही हकिकत सांगायचं मी सात वर्षं टाळलं. कारणं पुष्कळ होती आणि सगळी घरगुती बनावटीची. आधी मोतीबिंदू होता. तो काढल्यावर डॉक्टरांनी डोळ्यांना ताण देऊ नका म्हणून सांगितलं. त्यांनी ते पंधरा दिवसांसाठी सांगितलं होतं, मी दोन वर्षं पाळलं. मग महामारी आली. मग बायकोचा गुडघा दुखायला लागला. गुडघा माझा आणि लिहिता येईना तुम्हाला, हे कसं काय, असं तिनं एकदा विचारलंही. मी वर्तमानपत्र तोंडापुढं धरलं.

मागच्या महिन्यात परभणीत एका लग्नात आमचे जुने भागीदार टेलर भेटले. जेवता जेवता त्यांनी शेजारच्या पाहुण्यांना आमच्या रेसच्या घोडीची गोष्ट सांगायला घेतली. शेवटी म्हणाले, "सईसानं घात केला बगा. घोडीचा पाय गरम हाय हे त्याला म्हाईत व्हतं, पर तोंड उघडलं न्हाई गड्यानं. हे आमचे पार्सलबाबू साक्षीला हायेत. काय बाबू?"

आणि मी मान हलवली. माझ्या तोंडात जिलेबी होती, असं कारण घरी येताना मी स्वतःला दिलं. पण तोंडात जिलेबी असताना मान जशी उभी हलते, तशी आडवीही हलते.

म्हणून आता लिहितो. त्या सईसानं तोंड उघडलं होतं. माझ्यापाशीच उघडलं होतं.

मी रेल्वेत होतो. पूर्णा जंक्शनला पार्सल ऑफिसात हेड क्लार्क म्हणून निवृत्त झालो, म्हणून सगळे मला पार्सलबाबू म्हणतात. मधली तीन वर्षं सिकंदराबादला बदलीवर काढली आणि तिथं रेसचा नाद लागला. नाद म्हणजे तरी काय? मोठी बाजी मी कधीच लावली नाही, कारण भित्रेपणा हा माझ्या चारित्र्याचा पाया आहे. मला आवडायचं ते ज्ञान. कोणत्या घोड्याचा बाप कोण, आई कोण, कोणाला ओली माती मानवते, हे मला माझ्या भाच्यांच्या वाढदिवसांपेक्षा जास्त पाठ होतं. प्रत्यक्ष घोड्यावर मी आयुष्यात एकदाच बसलो, स्वतःच्या वरातीत. त्या घोडीनं चौकात शिंक दिली आणि मी उतरून उरलेली वरात पायी पूर्ण केली. सासरच्यांना वाटलं, मुलगा साधा आहे.

निवृत्तीनंतर परभणीत घर केलं. संध्याकाळी एका कापडवाल्या शेठच्या दुकानापुढं आमची बैठक जमायची. शेठ, टेलर, एक निवृत्त हेडमास्तर आणि आणखी सहा जण. तिथं मी रेसच्या गोष्टी सांगायचो. सांगता सांगता एक दिवस शेठ म्हणाले, "बाबू, नुसतं सांगायलाव कशाला? घेऊन टाका की एक."

मी हसलो, पण चौकशी केली आणि कळलं की ते आता अशक्य राहिलेलं नाही. माझ्या सिकंदराबादच्या काळात घोडा ठेवायचे ते नवाबांचे वंशज आणि कारखानदार. आता रेसचे दिवस फिरले होते. बाजीवर कर चढला, तरुण माणसं मोबाइलवर क्रिकेटचे आकडे लावायला लागली, जुने मालक म्हातारे झाले आणि त्यांच्या मुलांना घोड्यापेक्षा गाडी बरी वाटू लागली. तबेले निम्मे रिकामे पडले. लिलावात ज्या शिंगरांना कोणी हात लावत नव्हतं, ती चार-दहा माणसं मिळून घेऊ लागली. अशा मंडळाला सिंडिकेट म्हणतात. आम्ही दहा जण सिंडिकेट झालो. शब्द इतका भारी होता की हेडमास्तरांनी घरी सांगायला आठवडा घेतला.

घोडी तांबूस होती, कपाळावर पांढरा ठिपका. तिचं कागदोपत्री नाव इंग्रजी आणि इतकं लांब की टेलर ते उच्चारायला लागले की घोडी शर्यत संपवून यायची. आम्ही तिला नुसतं बाई म्हणायचो. दहा माणसं आणि चार पाय, म्हणजे अडीच माणसांमागं एक पाय, असा हिशेब हेडमास्तरांनी मांडला. त्यावरून पायांची वाटणी झाली. टेलर आणि शेठ यांनी मागचा डावा घेतला. मला आणि हेडमास्तरांना पुढचा उजवा आला. "अर्धा माणूस कोण?" असं शेठनं विचारलं तेव्हा सगळ्यांनी माझ्याकडं पाहिलं.

सिंडिकेटच्या वतीनं तबेल्याशी बोलायला एक माणूस लागतो. तो मी झालो. तबेल्यात आमच्या बाईला सांभाळणारा सईस आमच्याच जिल्ह्यातला निघाला. सोनपेठ तालुक्यात, गोदावरीच्या काठच्या गावचा. विशीत हैदराबादला गेला आणि पंचवीस वर्षं घोड्यांतच राहिला. आपल्याकडचा माणूस आहे म्हटल्यावर तो रोज सकाळी मला फोन करायचा. सईस लोकांची एक रीत असते. पहाटे घोड्याला पाणी दाखवायच्या आधी ते खाली बसून चारही पायांवरून हात फिरवतात, तळहात नाही, उलटा हात. आई तापलेल्या पोराच्या कपाळाला लावते तसा. पाय थंड असले तर दिवस चांगला. एखादा पाय कोमट लागला तर आत काहीतरी दुखतं आहे. अजून सूज नाही, लंगडणं नाही, डॉक्टरलाही दिसणार नाही, पण आत सुरू झालेलं आहे.

"चारी थंड हायेत, बाबूसाहेब," असा त्याचा फोन असायचा. "बाईनं दाणा समदा खाल्ला. लय मस्तीत हाय. मला ढुसणी दिली आज."

एवढ्या दोन ओळींवरून मी व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर पानभर वार्तापत्र लिहायचो. "आज प्रातःकाळी आपल्या अश्विनीची प्रकृती अत्यंत समाधानकारक असून..." अशी सुरुवात. टेलरनी एकदा विचारलं, ही अश्विनी कोण? सईसाचं नाव मी त्या वार्तापत्रांत कधी घातलं नाही. "खात्रीलायक सूत्रांकडून" असं लिहायचो. सूत्र पहाटे चारला उठून लीद काढत होतं, आणि खात्रीलायक म्हणून मी ओळखला जात होतो.

बाई पहिल्या दोन शर्यतींत मागं राहिली. मग एकदा पाचवी आली, एकदा तिसरी, आणि मग अवघ्या मानेच्या अंतरानं दुसरी. पुढच्या वेळी जिंकणार, असं मी वार्तापत्रात जाहीर करून टाकलं. घोडा जिंकला की मालकांनी स्वतः लगाम धरून त्याला मैदानातून आत आणायचं, फोटो काढायचा, असा रेसचा मान असतो. हे कळल्यावर परभणीत वेगळीच तयारी सुरू झाली. आमच्या जॉकीचा सदरा पिवळा-जांभळा होता. शेठनं त्याच रंगाचं कापड काढलं, टेलरनी दहा फेटे तयार केले. आम्ही दहा जण आदल्या दिवशी रेल्वेनं निघालो आणि हैदराबादला एका लॉजमध्ये उतरलो. डब्यात एका बाईनं नवरदेव कुठंय म्हणून विचारलं. हेडमास्तर म्हणाले, "नवरी हाय. तबेल्यात."

शर्यतीच्या दिवशी पहाटेपासून टेलर फेटे बांधायला बसले. बांधता येणारे ते एकटे आणि डोकी दहा. माझा नंबर पहिला होता, कारण मी प्रमुख. मी लॉजच्या खुर्चीवर ताठ बसलो होतो, फेट्याचं एक टोक शेठनी खोलीच्या दुसऱ्या कोपऱ्यात ताणून धरलं होतं आणि चुण्या टेलरच्या दातांत होत्या. तेवढ्यात फोन वाजला.

"बाबूसाहेब, बाईचा पुढचा उजवा पाय गरम लागायलाय."

"अं?"

"लय न्हाई, कोमट हाय. पर काल न्हवता. मी तीनदा हात लावून बघितला. पळवू नका आज बाईला."

मी विचारलं, डॉक्टर काय म्हणाले? त्यानं सांगितलं की डॉक्टर येऊन चालवून बघून गेले, चालीत काही दिसलं नाही. ट्रेनर दुसऱ्या गावच्या शर्यतीला गेले होते, तबेला त्यांच्या मदतनिसाच्या हाती होता. "मग त्यांना सांग की," मी म्हणालो.

"मी कसं सांगू, बाबूसाहेब? आज बाईवर लोकायचा लय पैसा लागायलाय. ऐन वेळी सईस म्हणला घोडी काढा, तर म्हणतेल, ह्यानं कोण्या बुकीचं खाल्लं. तुमी मालक हाव. मालकाचा एक शब्द आला तर डॉक्टर पुन्यांदा नीट बघतेल. तुमी बोला फकस्त."

"हलू नका, बाबू," टेलर दातांतल्या चुण्यांमधून म्हणाले. "बिघडलं तर पुन्ना पयल्यापासून."

मी हललो नाही. समोरच्या आरशात माझं अर्धं डोकं पिवळं-जांभळं झालेलं दिसत होतं, आणि खरं सांगायचं तर मला ते शोभत होतं. मागं सात माणसं आपापल्या डोक्याची वाट पाहत उभी होती. बायको-पोरांना फोटो पाठवायचं कबूल करून आलेली. त्यांना आता काय सांगू? चला परत, पाय कोमट आहे? आणि कोणाच्या सांगण्यावरून, तर सईसाच्या हाताच्या?

"मी बोलतो," मी फोनवर म्हणालो. "तू आता कुणापाशी काही काढू नको. मी सांगतो त्यांना."

"बरं झालं, बाबूसाहेब. मंग मला घोर न्हाई."

शेठनी विचारलं, "काय म्हनला?" मी म्हणालो, "काही नाही. बाई मजेत आहे."

मी कोणाला फोन केला नाही. विसरलो असं म्हणता आलं असतं, पण विसरलो नाही. दहावा फेटा बांधून होईपर्यंत मी खिशातल्या फोनला चार वेळा हात लावला आणि दर वेळी तुरा नीट केला.

रेसच्या मैदानावर स्टँड निम्मं रिकामं होतं. माझ्या आठवणीतली गर्दी कुठंच नव्हती. कबुतरं आणि माझ्या वयाची माणसं, दोन्ही सावली धरून बसलेली. त्यात आम्ही दहा फेटेवाले. एक म्हातारे मियाँ दुसऱ्याला म्हणाले, "अरे, ये बारात किधर कू जारी?" शर्यतीआधी घोडे गोल फिरवून दाखवतात, तिथं आम्ही कठड्याला टेकून उभे राहिलो. सईस बाईला धरून चालवत होता. स्वच्छ सदरा, नीट भांग. माझ्यासमोर आला तेव्हा त्यानं भुवया उंचावून नुसतं पाहिलं. सांगितलं ना?

मी मान हलवली. माझी मान ही अशी आहे.

त्याचा चेहरा सैल पडला. त्यानं बाईच्या मानेवर थाप मारली आणि पुढं गेला.

शर्यत मी फार सांगत नाही. शेवटच्या वळणावर बाई सगळ्यांच्या पुढं होती. टेलरनी "चला, चला, लगाम धरायला!" म्हणून आरोळी दिली आणि आम्ही दहाही जण कठड्याकडं पळत सुटलो. पळता पळताच मला दिसलं की बाईचं डोकं एकदम खाली गेलं, मग वर आलं, मग पुन्हा खाली. जॉकीनं लगाम खेचून तिला बाजूला घेतलं. बाकीचे घोडे निघून गेले. ती तीन पायांवर उभी होती आणि चौथा नुसता टेकवत होती. सगळ्यांत आधी तिच्यापाशी पोचला तो सईस. आम्ही आमचे तुरे सावरत उभे होतो. टेलर हळूच शेठना म्हणाले, "आपला मागचा हाय. आपला न्हवं." मी एरवी हसलो असतो.

पायाची शीर फाटली होती. जीव वाचला, पण पळणं संपलं. पुढं ती कुठल्याशा रायडिंग स्कूलला दिली आणि तिथून कुठं गेली ते आम्हाला कळलं नाही. रेसचे घोडे असेच कुठं कुठं जातात. चौकशी करायला मालक उरत नाहीत.

संध्याकाळी तबेल्यात मदतनिसानं सईसाला आमच्यादेखत उभं केलं. डॉक्टर म्हणत होते, हे एकाएकी झालेलं नाही, सकाळी पाय गरम असणार. "तू हात लावला नव्हतास?"

"लावला व्हता, साहेब. गरम व्हता. मी बाबूसाहेबाला फोन केला व्हता."

सगळे फेटे माझ्याकडं वळले. मदतनिसानं विचारलं, "तुम्हाला याचा फोन आला होता?"

"आला होता," मी म्हणालो. "रोजच येतो. पण पायाचं काही बोलणं झालं नाही."

माझा आवाज इतका शांत निघाला की माझा मलाच खरा वाटला. सईस माझ्याकडं पाहत राहिला. मला वाटलं, आता हा ओरडेल, शिवी देईल. पण त्याला राग आल्यासारखा दिसत नव्हता. डबा चुकलेल्या माणसासारखा दिसत होता. मग त्यानं खाली पाहिलं आणि म्हणाला, "मंग माझंच ध्यान नसंल." त्याच्या बाजूनं एकानंही दुसरा प्रश्न केला नाही. तो सईस होता आणि मी हेड क्लार्क. लॉजमध्ये माझ्या फेट्याचं टोक धरून उभ्या असलेल्या शेठनाही तो फोन आठवला. त्यांनी मदतनिसाला सांगितलं, "हो, बाई मजेत हाय असंच आलं व्हतं." ते खोटं बोलत नव्हते. त्यांना मीच तसं सांगितलं होतं.

परतीच्या गाडीत मी शेवटचं वार्तापत्र लिहिलं. चांगलं लांबलचक. त्यातलं एक वाक्य मला अजून पाठ आहे, "संबंधित सेवकाच्या अक्षम्य दुर्लक्षामुळे आपल्या सर्वांच्या स्वप्नांवर पाणी पडले." हेडमास्तरांनी भाषेचं कौतुक केलं. वार्तापत्रात सईसाचा उल्लेख पहिल्यांदा आला तो असा.

त्याला दुसऱ्या दिवशीच काढलं. दुसरे तबेले घेईनात. एक तर सगळीकडं घोडे कमी होत चालले होते, होते तेच सईस जास्त होत होते, आणि त्यात ज्याच्या हातावर भरवसा नाही असा सईस कोण ठेवील? तो गावी आला. हे मला त्याच्या गावच्या एका रेल्वे गँगमननं सांगितलं. म्हणाला, सोनपेठच्या एका बँडवाल्याकडं वरातीची घोडी सांभाळायलाय.

मी माफी मागायला तीनदा निघालो. पहिल्यांदा परभणीच्या बस स्टँडवर भजी खाल्ली, पित्त झालं, परत आलो. दुसऱ्यांदा सोनपेठपर्यंत पोचलो, पण आठवडी बाजार होता. बाजाराच्या दिवशी माणूस घरी सापडत नाही असं ठरवून मी दहा किलो कांदे घेतले आणि शेवटच्या एसटीनं आलो. "कांद्यासाठी सोनपेठला?" बायको म्हणाली. "परभणीत काय कांदे बंद झालेत?"

तिसऱ्यांदा मात्र त्याच्या घरापुढं जाऊन उभा राहिलो. ही गोष्ट चार वर्षांपूर्वीची. काय म्हणायचं ते एसटीत घोकून ठेवलं होतं. दोनच वाक्यं होती, कारण तिसरं आलं की मी त्यात कारण घुसडणार हे मला माहीत होतं.

तो अंगणात वरातीच्या घोडीला खरारा करत होता. मला पाहून खरारा टाकून धावत आला. "बाबूसाहेब! तुमी? अगं, खुर्ची आण आधी!" आत बायकोला ओरडला. खोलीत भिंतीवर बुद्धाची तसबीर आणि तिच्या बाजूला आमच्या बाईचा फोटो होता, ती दुसरी आली त्या दिवसाचा. लगाम धरलेला हात फोटोत होता, माणूस कापला गेला होता. चहा आला. त्यानं माझ्या तब्येतीची, शेठची, टेलरांची, सगळ्यांची विचारपूस केली. वरातीच्या घोडीबद्दल म्हणाला, "ही लय गरीब हाय. डीजेला पन भीत न्हाई. पर पहाटं मी हिचे बी पाय बघतो. सवय न्हाई जात."

"हं," मी म्हणालो. कप खाली ठेवला. घसा साफ केला. "मी आलो होतो ते..."

"थांबा, बाबूसाहेब," तो म्हणाला. त्यानं हात जोडले. "मला ठावं हाय तुमी कशाला आलाव. तुमच्या जिवाला बी लागलं आसंल. पयलं मला बोलू द्या. तीन वर्सं झाली, मी परभनीला येव येव म्हनलो, पर तोंड न्हवतं. त्या दिवशी मी तुमाला फोन केला ते मला चांगलं याद हाय. पर तुमी गडबडीत व्हता. तुमच्या कानावर नीट गेलं नसंल. मी एकदा सांगून मोकळा झालो, हेच चुकलं माझं. मी पुन्यांदा यायला पायजे व्हतं, तुमच्या पायाजवळ बसून सांगायला पायजे व्हतं. बाईचा पाय माझ्यामुळं गेला. तुमची समद्यायची आशा गेली. मला माफी करा, बाबूसाहेब."

त्याची बायको दारात उभी होती. वरातीची घोडी अंगणात शेपटीनं माशा हाकलत होती. माझी दोन वाक्यं तोंडाशी होती. तू मला सांगितलं होतंस. मी कोणालाच सांगितलं नाही. एवढंच बोलायचं होतं. एक श्वास लागला असता.

मी त्याचे जोडलेले हात माझ्या हातांत घेतले आणि म्हणालो, "जाऊ दे रे. माणसाकडून चूक होते. मी मनात काही ठेवलेलं नाही."